दोन गाड्या आणि एक सायकल

टेप घेऊन आलेला मुलगा पंचविशीचा असेल. मे महिना, डोक्याला टोपी नाही, मानेवर घामाची पांढरी रेघ. आमच्या ओट्याच्या खालच्या पायरीपासून समोरच्या कुंपणापर्यंत त्याने टेप ताणली, वहीत आकडा लिहिला आणि मावशीने पुढे केलेलं पाणी दोन ग्लास प्यायला. तो ग्लास खाली ठेवेपर्यंत मावशी गप्प होती. मग म्हणाली, "यात सायकल कुठं धरली रं?"

त्याला वाटलं, म्हातारीची सायकल हरवली. तो उगाच इकडेतिकडे बघायला लागला. मी हसलो. मावशी हसली नाही. अठ्ठ्याऐंशी वर्षांची बाई, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, गुडघे गेलेले. पण रस्ता मोजायला कोणी आलं की तिला एकच मोजमाप ठाऊक आहे. ते कुठून आलं, हे त्या मुलाला सांगायला वेळ नव्हता. म्हणून इथे सांगतो.

आधी आमच्या गावाच्या नावाचा घोटाळा दूर करू. डोंगरी म्हटलं की मुंबईकराला तुरुंग आठवतो. टिळक-आगरकरांनी १८८२ साली १०१ दिवस काढले तो. ती डोंगरी मुंबईतली. आमची डोंगरी भाईंदर स्टेशनाच्या पश्चिमेला, राई, मुर्धा, मोर्वा मागे टाकून, उत्तनच्या अलीकडे. जुनी माणसं या सगळ्या पट्ट्याला धारावी बेट म्हणतात, म्हणजे तिथेही पुन्हा घोटाळाच. हे धारावी बेट चिमाजी अप्पांच्या मोहिमेतलं. १७३९ साली आधी ते मराठ्यांच्या हाती आलं आणि मग मे महिन्यात वसई पडली. आमचं बेथलेहेमच्या मातेचं चर्च मात्र त्याच्याही आधीचं, पोर्तुगीज काळातलं. पेशवे आले, इंग्रज आले, पंचायत आली, नगरपालिका आली. रविवारची मिस्सा सुटली की माणसं तिथेच घोळक्याने उभी राहून बोलतात, हे काही बदललं नाही. ज्या रस्त्याबद्दल मी लिहितोय तो त्याच घोळक्यातून निघाला.

माझा आजा वाडीवाला. वांगी, भेंडी, वाल, पावसाळ्यात भात. विहिरीवर रहाट होता. भाजी विकायची तर भाईंदर स्टेशन गाठायला हवं. विरारपासून मुंबईपर्यंत आगगाडी १८६७ सालच्या एप्रिलात सुरू झाली, पण तिच्यापर्यंत पोचायची आमची वाट त्यानंतर ऐंशी वर्षं तशीच राहिली: खाजणातून, मिठागरांच्या बांधाबांधाने, सात-आठ किलोमीटर. बांधाच्या एका अंगाला मिठाचे वाफे, दुसऱ्या अंगाला तिवरं. अमावास्या-पुनवेला उधाण आलं की पाणी उघाडीवरून उसळायचं आणि वाट दोन-दोन तास दिसेनाशी व्हायची. बायका डोक्यावर पाटी घेऊन, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून, पायाने चाचपत जात. पहिली लोकल गाठायची तर पहाटे तीनला निघायचं. आजी सांगायची, बांधावर समोरून कोणी आलं की एकाला खाली चिखलात उतरावं लागे, आणि उतरायचं कोणी याचा नियम होता. जिच्या डोक्यावर ओझं ती वरच. रिकाम्या हाताचा उतरणार, मग तो पाटील का असेना.

वाहतुकीचा याहून चांगला नियम मी नंतर कुठल्याही पुस्तकात वाचला नाही.

आजाने सायकल घेतली ती स्वातंत्र्यानंतर वर्षभराने. जुनी, दुसऱ्या हाताची रॅले. वरळीला तेव्हा हिंद सायकलचा कारखाना चालू होता, पण आजाला नवीन परवडणारी नव्हती. दादरहून आणली म्हणे, गाडीत चढवू देईनात म्हणून सगळी वाट ढकलत. चालवता कोणाला येत होती? आजालाही नव्हती. पहिला महिनाभर तो तिच्या दोन्ही अंगांना टोपल्या बांधून तिला बैलासारखी हाताने धरून न्यायचा. गाव हसायचं. उधाणाच्या दिवशी बांधावर पाणी आलं की तो टोपल्या सोडून बायकांच्या डोक्यावर द्यायचा आणि सायकल स्वतःच्या खांद्यावर घ्यायचा. "सायकल माझ्यावर बसली का मी सायकलीवर, ते समिंदर ठरवायचा," हे त्याचं वाक्य आमच्या घरात म्हणीसारखं चालतं.

मग दोन पावसाळ्यांनी गावाने रस्ता करायचं ठरवलं. सरकारचा कुठला हुकूम नव्हता. झालं असं की एका बाळंतिणीला रात्री भाईंदरला न्यायचं होतं, डोलीला बांधावर वळण मिळेना, आणि ती वाटेतच गेली. त्याच्या पुढच्या रविवारी मिस्सा सुटल्यावर कोणी घरी गेलं नाही.

वाद तीन रविवार चालला. गावातली बैलगाडी खाजणाच्या कडेपर्यंत जायची आणि थांबायची. ती पुढे न्यायची, म्हणजे बांध रुंद करायचा, म्हणजे कोणाचं तरी शेत जाणार. ज्यांची शेतं कडेला होती ते म्हणाले, आठ हात देतो. गाडीवाले म्हणाले, आठ हातांत एक गाडी जाईल. समोरून दुसरी आली तर बैल खाजणात उभे करायचे काय? कोणी दहा म्हणालं, कोणी बारा. तिसऱ्या रविवारी एका म्हाताऱ्याने वैतागून सांगितलं, हात-बोटं मोजू नका, गाड्याच आणा. दोन गाड्या आणल्या. चाकाच्या तुंब्याला तुंबा लागेल अशा शेजारी उभ्या केल्या. दोन्हीकडे खुंट ठोकणार, तेवढ्यात आजा सायकल घेऊन आला. दोन्ही अंगांना टोपल्या, टोपल्यांत वांगी. गाड्यांच्या कडेला उभा राहिला.

"आनि ही कुठून जानार?"

लोक हसले. गावात सायकल एकच. आजा म्हणाला, "आज एक हाय." बस. भाषण वगैरे काही नाही, आणि तो भाषण करणारा माणूसही नव्हता. खुंट टोपलीच्या बाहेर, वीतभर अंतर सोडून ठोकला गेला. दोन गाड्या, एक सायकल आणि वर वीतभर: एवढा आमचा रस्ता. फूट-मीटरमध्ये तो किती, हे त्या टेपवाल्या मुलाच्या वहीत आहे.

एका म्हातारीच्या शेताच्या कोपऱ्यात आंबा होता. ती म्हणाली, जमीन घ्या, आंबा देणार नाही. रस्ता आंब्याला वळसा घालून गेला. आंबा मी शाळेत असताना एका वादळात पडला. वळसा आजही आहे. नवीन माणूस तिथे हमखास ब्रेक मारतो. वळशाच्या पुढे क्रूस आहे, मे महिन्यात तिथे रोझरी होते, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणायला निघालेली वरात बँडसकट तिथेच थांबून एक गाणं जास्त वाजवते. वळशामुळे गाड्या हळू येतात, म्हणून तिथे थांबता येतं. हे कोणी आखलं नव्हतं.

हे सगळं मी आजाकडून ऐकलं तेव्हा डोळे भरून यायचे. पुढे मावशीकडून ऐकलं आणि जरा जमिनीवर आलो. "तीन रविवार बोलले ते सगले बाप्ये," ती म्हणाली. "आमाला कोणी विचारला? मुरूम भरून पाट्या कोणी टाकल्या? आमी." ज्यांच्या नावावर शेत नव्हतं, जे दुसऱ्याच्या मिठागरावर मजुरीला जायचे, तेही घोळक्याच्या कडेलाच होते. म्हणजे तेव्हाही सगळं गाव काही बोलत नव्हतं. फरक एवढाच, की ज्याला बोलायचं होतं त्याला आपली वस्तू आणून समोर उभी करता येत होती.

मावशी सायकल शिकली ती रात्री. आजा झोपल्यावर, चांदण्यात, भाटीच्या ओल्या वाळूवर, दांडीखालून पाय घालून. लुगड्याचा काठ चेनमध्ये गेला आणि ती पडली. चेन काढायला येईना, म्हणून काठ दाताने फाडला आणि तसंच घरी आली. आजीने फाटका काठ बघितला आणि काही बोलली नाही. पुढच्या बुधवारी आजाला ताप होता. मावशी टोपल्या लावून भाईंदरला गेली, भाजी दिली आणि पाव घेऊन परत आली. वाटेत मोर्व्याची पोरं मागे धावली. ही गोष्ट ती अनेकदा सांगते, आणि दर वेळी मागे धावणाऱ्या पोरांची संख्या वाढते, ते चालायचंच.

१९५८ साली मुंबई ग्रामपंचायत अधिनियम आला. त्याच्या १२४ व्या कलमात पंचायतीला कोणकोणते कर बसवता येतील याची यादी आहे. घरपट्टी आहे, जत्रेचा कर आहे, आणि त्यातच सायकलींवरचा आणि जनावरांनी ओढायच्या गाड्यांवरचा कर आहे. मला ही ओळ फार आवडते. कर कोणाला आवडत नाही, मलाही नाही. पण ज्या गोष्टीवर कर बसतो ती गोष्ट दफ्तरात दिसते. बैलगाडी आणि सायकल या रस्त्याच्या मालक आहेत, हे आमच्या तीन रविवारांत ठरलं होतं, तेच कायद्याने वेगळ्या शब्दांत मान्य केलं होतं.

पुढे मी नोकरीला पुण्यात गेलो, एका छापखान्यात. साल १९८३. पुणं तेव्हाही सायकलींचं होतं, लक्ष्मी रस्त्यावर संध्याकाळी घंट्यांचा पाऊस पडायचा. माझे घरमालक निवृत्त पोस्टमन. त्यांच्याकडे खिळ्यांच्या डब्यात जुने पत्र्याचे बिल्ले होते, दर वर्षीचा वेगळा. सायकलीचा कर भरला की मिळायचे. बिल्ला नसला तर सायकल जप्त, रात्री दिवा नसला तर दंड, डबलसीट दिसली की शिट्टी. मंडईपाशी पोलीस दिसला की मागचा उतरायचा, साळसूदपणे चालत पोलिसाच्या पुढे जायचा आणि पलीकडे पुन्हा उडी मारून बसायचा. घरमालक सांगताना अगदी रंगून जायचे. तक्रार कसली, अभिमानच होता तो.

त्याच शहराने पुढे सायकल परत आणायला किती कागद रंगवले! 'परिसर'सारख्या संस्थेची माणसं वर्षानुवर्षं पादचारी आणि सायकलवाल्यांसाठी भांडली. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने शहराचा सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला, ८०० किलोमीटरहून मोठ्या जाळ्याचा. त्याच सुमारास पिवळ्या, केशरी भाड्याच्या सायकली रस्तोरस्ती दिसू लागल्या आणि बघता बघता नाहीशाही झाल्या. मी पुण्याला जातो तेव्हा सायकल मार्ग बघतो. काही आहेत, काहींवर पाणीपुरीची गाडी, काहींवर विजेचा खांब अगदी मधोमध. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात केलेल्या मार्गाचं तेच झालं, त्यावर मोटारी उभ्या राहिल्या. वाईट आखणी, असं लोक म्हणतात. मला वाटतं, त्यात आखणीचा दोष निम्माच. रस्त्यावर रेघ मारण्याआधी तिथे कोणी टोपल्यांची सायकल आणून उभी केली नाही. त्या कागदावरच्या सायकली सगळ्या रिकाम्या.

इकडे गावाचं शहर झालं. मीरा-भाईंदर नगरपालिका १९८५ साली झाली, १९९० मध्ये आमच्या बाजूच्या पंचायती तिच्यात गेल्या आणि २००२ मध्ये महानगरपालिका झाली. नळ आला, दिवे आले, दवाखाना जवळ आला. पंचायतीच्या काळात सगळं गोड होतं असं मी म्हणणार नाही, पंचायतीतही मारामाऱ्या बघितल्यात. पण पंचायत गेली तशी ग्रामसभाही गेली. शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद २००९ साली कायद्यात आली म्हणतात. मी अजून एकाही क्षेत्रसभेत बसलेलो नाही, आणि बसलेला माणूस मला भेटलेला नाही.

ग्रामसभेऐवजी हरकत आली. प्रादेशिक व नगररचना कायदा १९६६ चा. त्याप्रमाणे विकास आराखड्याचं प्रारूप प्रसिद्ध होतं, हरकती-सूचनांसाठी ठरावीक दिवस मिळतात, मग समितीपुढे सुनावणी. आमच्या शहराचा नवा आराखडा २०२२ च्या अखेरीस असाच प्रसिद्ध झाला, आणि राईपासून उत्तनपर्यंत रस्तारुंदीच्या रेघा बघायला लोक नकाशावर वाकले. प्रत्येक जण आपलं घर शोधत होता. मीसुद्धा. घर सापडलं की माणूस सुटकेचा श्वास टाकतो किंवा मटकन बसतो, आणि दोन्ही वेळा नकाशा खाली ठेवतो. रस्ता कसा असावा, हे त्या नकाशाला विचारायला कोणाला सवडच नसते.

झेरॉक्सच्या दुकानातून मी हरकतीचा नमुना आणला. मावशीला म्हटलं, सांग, लिहितो. पहिला रकाना: सर्व्हे नंबर. तिच्या नावावर सात-बारा नाही, कधीच नव्हता. "रस्त्याचा लिही," ती म्हणाली. कायद्याने हरकत कोणालाही घेता येते, जमीन असो नसो. पण नमुना ज्याने छापला त्याच्या डोळ्यापुढे जमीनवालाच होता. माझी पंचाईत बघून ती म्हणाली, "मग लिही, दोन गाड्या आनि एक सायकल." मी लिहिलं. आता बैलगाडी नाही, तिच्या जागी टेम्पो. पण टेम्पोही दोनच, आणि सायकल तिसरी.

हरकत घेण्याने काय होतं, तेही बघितलं. मेट्रो ९ ची कारशेड आधी राई-मुर्ध्याच्या बाजूला होणार होती. तिथल्या लोकांनी विरोध केला, मोर्चे काढले, रास्तच होतं. मग कारशेड आमच्याकडे, डोंगरीच्या डोंगरावर न्यायचं ठरलं. २०२५ च्या मार्चमध्ये झाडं तोडण्याची नोटीस निघाली, बारा हजारांहून जास्त झाडं, आणि आता आमच्या बाजूने हजारोंनी हरकती गेल्या. राईत माझी बहीण दिलेली. तिच्या घरी जेवायला बसलो की हा विषय आम्ही काढत नाही. त्यांचं म्हणणं मान्य झालं म्हणजे संकट आमच्या दारात आलं. चर्चच्या अंगणात भांडताना समोरचा माणूस दिसतो, त्याचं शेत कुठलं ते ठाऊक असतं. टपालाने जाणाऱ्या हरकतीला समोरचा माणूस नसतो.

रविवारी सकाळी आमच्या रस्त्यावर सायकलीच सायकली. मुंबईची मुलं-मुली मार्व्याहून तरीने मनोरीला उतरतात, गोराई, उत्तन, डोंगरी करत भाईंदरला निघतात. हेल्मेट, चष्मे, अंगाला चिकटलेले कपडे, आणि मावशीच्या पेन्शनच्या दोन वर्षांएवढ्या किमतीची सायकल. मला ती आवडतात. वळशापाशी थांबून पाणी मागतात, मावशीशी बोलतात. शहरात सायकलींसाठी कोणी बोलतं ते हेच, आणि बोलतात हे चांगलंच. पण सोमवारी सकाळी सहाला जी सायकल जाते ती त्यांच्या डोळ्यांपुढे नसते: पाववाला, मिठागरावरचा रखवालदार, भाईंदरला कामाला जाणारी बाई, शाळेतली पोरं तिघं-तिघं. २०११ च्या जनगणनेत पहिल्यांदा विचारलं गेलं की माणसं कामाला कशी जातात. तेही फक्त शेती आणि घरगुती उद्योग सोडून बाकीचं काम करणाऱ्यांना. शाळेतली पोरं त्यात नाहीत. मावशी टोपल्या लावून जात असती तरी शेतकरीण म्हणून तिला तो प्रश्न विचारला गेला नसता.

म्हणून आम्हीच मोजायचं ठरवलं. सुनावणीला आकडा लागतो. गेल्या मंगळवारी पहाटे साडेपाचला ओट्यावर खुर्ची टाकली. मी वही घेतली. मावशीने रोझरीची माळ घेतली. तिचं म्हणणं, वहीत रेघा मारताना तुझी मान खाली असते, सायकल निसटते. माळेला डोळे लागत नाहीत. एक सायकल, एक मणी. दहा झाले की मोठा मणी, तिथे ती मला खूण करायची.

अडचण अशी झाली की तिला निम्मे लोक ओळखीचे. पाववाला थांबला, त्याच्या सुनेचं विचारलं. शाळेतल्या मुलीच्या चाकात हवा कमी होती, तिला आतून पंप दिला. रखवालदाराने बोंबलाचा भाव सांगितला. दर वेळी बोट मण्यावरून सुटलं आणि दर वेळी तिने ते अंदाजाने परत ठेवलं. माझी वही आणि तिची माळ सात वाजेपर्यंतच जुळेनाशी झाली.

आठला पाववाला परत आला, मोकळी टोपली घेऊन. मी रेघ मारली नाही. मावशीने मणी सरकवला.

"हा मगाशीच धरला," मी म्हटलं.

"मगाशी भरलेला होता," ती म्हणाली. "आता रिकामा. उतरायची पाळी याची. धर."